त्रेचाळीस तुकड्यांची मोटार

रामदासपेठेतल्या दातांच्या दवाखान्यातून मी बाहेर आले, तर आमच्या गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले. पायांत धुऊन धुऊन पांढरट झालेले कॅनव्हासचे बूट. मी ओरडलेच. जबडा बधिर असल्यामुळे ते ओरडणंही धड निघालं नाही. पाय हलले आणि खालून अगदी शांत आवाज आला, "घाबरू नका वं बाई, जिंदा आहे मी. मागचा अ‍ॅक्सल मोजून राहिलो. दोन मिनिटं थांबा, मंग न्या गाडी."

दोन मिनिटांनी अंथरलेल्या वर्तमानपत्रावरून पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ सरकत बाहेर आले. गळ्यात शिंप्याचा टेप, कानामागे पेन्सिल, हातात शाळेची चौकटीची वही. गाडी माझ्या वडिलांची होती. गोल पाठीची, जुन्या धाटणीची. तशा गाड्या तेव्हाच नागपूरच्या रस्त्यांवरून दिसेनाशा होत चालल्या होत्या. त्यांनी रुमालाला हात पुसले, "जय भीम. मी गजभिये," म्हणाले आणि लगेच विचारलं, "हिचा मागचा दिवा काहून बदलला? हा हिचा नाही." दिवा बदलून बारा वर्षं झाली होती. आमच्या घरात ते कुणाच्या लक्षातही नव्हतं.

मी चित्रकलेच्या महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे हे कळल्यावर त्यांनी मला वहीतलं एक पान दाखवलं. त्यावर मोटारीचे सुटे भाग काढले होते आणि बाणांचं असं जाळं होतं की कुठला भाग कुठे जातो ते समजेना. "हे पाहा, गाडी मले येते. कागद नाही येत," ते म्हणाले. "लोक पत्र लिहून विचारते, दरवाजा आधी लावू का सीट आधी. तुम्ही हे नीट काढून द्यान का?" मी एका कागदापुरती गेले आणि अठरा वर्षं राहिले.

मनोहर गजभिये, पुढे माझे काकाच झाले ते, मूळचे ओतकामाच्या कारखान्यातले. तिथे लोखंड ओतण्यापूर्वी ज्या लाकडी आकृतीवरून साचा घेतात, ती कोरण्यात त्यांची हयात गेली. कारखाना बंद पडला तेव्हा इंदोरा वस्तीतल्या घरामागे पत्र्याची शेड टाकून त्यांनी मोटारी कोरायला सुरुवात केली. खऱ्या गाडीपेक्षा चोवीसपट लहान. सागवानाच्या ठोकळ्यातून आधी गाडी कोरायची, तिचे भाग पाडायचे, त्यांचे रबराचे साचे घ्यायचे, त्यांत रसायन ओतून तुकडे काढायचे. हे तुकडे खोक्यात भरून विकायचे. गाडी जोडायची आणि रंगवायची ती घेणाऱ्याने. खोकी त्यांची पत्नी शकुंतलाबाई भरत. प्रत्येक खोक्यात तुकडे त्रेचाळीस. बस असो की जीप, काका ओढूनताणून आकडा तिथेच आणत. का, असं विचारलं तर म्हणत, "पहिल्या गाडीचे तेवढेच झाले होते. मंग सवय लागली."

तयार गाडी मात्र ते कुणालाच विकत नसत. एकदा काटोलहून संत्र्यांचे एक व्यापारी बसने आले. त्यांचे वडील एका जुन्या उघड्या गाडीतून बागेतली संत्री बाजारात आणत. ती गाडी भंगारात गेली होती, उरला होता एक फोटो, तोही समोरून काढलेला. काकांनी तशी गाडी शोधायला चार महिने घालवले, मग कोरायला पाच. व्यापारी मोठ्या आनंदाने न्यायला आले, तर काकांनी त्यांच्या हातात खोकं दिलं.

"अहो, मला हे जमणार नाही," ते म्हणाले. "तुम्हीच जोडून द्या ना."

"गाडी मी नाही बनवत गा भाऊ. मी तुकडे देतो. गाडी घेणारा बनवते," काका म्हणाले. "रविवारी या. इथंच बसून करा. शिकवतो मी."

ते तीन रविवार आले. बोटांना गोंद चिकटवून घेतला, दोनदा चिडून उठले, पुन्हा बसले. तिसऱ्या रविवारी चिमट्याने स्टिअरिंगचं चाक बसवलं आणि एकदम थांबले. "बाबा बसायचे तेव्हा हे त्यांच्या पोटाला लागायचं," ते म्हणाले. "मी विसरूनच गेलो होतो." काका चहा सांगायला आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत.

चुकीच्या बाबतीत त्यांच्याइतका घाबरट माणूस मी पाहिला नाही. आमच्या जीपच्या खोक्याबद्दल कामठीहून लष्करातल्या एका निवृत्त ड्रायव्हरचं पत्र आलं: पेट्रोलचा डबा अडकवायची चौकट मागे उजवीकडे दाखवली आहे, ती डावीकडे हवी. काका स्कूटर काढून तडक कामठीला गेले, त्या गृहस्थांकडून सगळं समजून घेतलं आणि संध्याकाळी पडेल चेहऱ्यानं परत आले. पुढचा महिनाभर आम्ही दुसरं काही केलं नाही. ज्यांनी ज्यांनी जीप घेतली होती, त्या प्रत्येकाला नवी चौकट आणि काकांच्या हातचं माफीचं पत्र गेलं. मी म्हटलं, "काका, नखाएवढा तुकडा आहे. कोण बघतंय?" तर म्हणाले, "मोठ्या गाडीत लहान चूक लपते वं पोरी. लहान गाडीत ती कुठी लपन?"

मग त्यांचा उजवा हात कापू लागला. सुरुवातीला त्यांनी ते लपवलं. मनगटाखाली वाळूची पिशवी ठेवून कोरत. एका दुपारी पटाशी सटकली आणि सहा महिने कोरत आणलेल्या बसचं नाक उडालं. मी शेडमध्येच होते. त्यांनी उडालेला तुकडा उचलला, जागेवर लावून पाहिला, खिशात ठेवला. मग केरसुणी घेऊन सगळा भुसा गोळा केला आणि म्हणाले, "बस झालं आता."

मुलगा पुण्यात संगणकाच्या नोकरीत होता. सरळ मुलगा. "बाबा, मला हे चालवता येणार नाही. खोटं कशाला बोलू?" असं त्याने फोनवर सांगितलं, आणि काकांनाही ते आवडलं. धंद्याला गिऱ्हाईक मिळालं ते नेहा चांडक. तिशी-बत्तिशीची मुलगी, घरचा प्लास्टिकच्या डब्या-झाकणांचा कारखाना बुटीबोरीला. ती लहान असताना तिच्या मामाने काकांची जीप जोडली होती, म्हणून तिला हे नाव ठाऊक. लाकडी गाड्या, साचे, माझे कागद, सगळं एका टेम्पोत मावलं. टेम्पो गेल्यावर रिकाम्या शेडच्या दारात काका कितीतरी वेळ उभे होते. शकुंतलाबाई म्हणाल्या, "आता तरी आत या न." तर म्हणाले, "येतो. पाय उचलून नाही राहिला."

नेहाने मला कामावर ठेवलं होतं, त्यामुळे तिकडच्या बातम्या काकांना मीच सांगायची. पहिली बातमीच वाईट निघाली. तिने त्रेचाळीसचे एकोणीस तुकडे करायचं ठरवलं होतं. गोंद नाही, रंग नाही. रंगीत तुकडे एकमेकांत खटकन बसणार. काकांनी मलाच फोन लावायला सांगितला.

"चोवीस तुकडे कुठी गेले, बाई?"

"काका, आजकाल गोंद लावत बसायला कुणाला वेळ नाही," नेहा म्हणाली. "जुन्या पद्धतीने केलं तर दोन वर्षांत हे बंद करावं लागेल. मला ते बंद नाही करायचं."

"वेळ नसन तं मोटार घेऊ नका म्हणा. भोवरा घ्या," काका म्हणाले आणि फोन माझ्या हातात दिला. त्यानंतर त्यांनी कारखान्याचं नाव काढणंच सोडलं. मी नोकरी सोडू का, असं एकदा विचारलं, तर रागावले. "तू काहून सोडते? तिले कागद काढता येते का?"

आठ-नऊ महिन्यांनी नेहा स्वतः इंदोऱ्याला आली. अडचण अशी होती की लाकडी गाड्यांची मापं मशीनने घेताना एका गाडीचं काही जुळत नव्हतं. काका आधी नाही म्हणाले, मग शर्ट बदलून आले. कारखान्यात मोठ्या पडद्यावर तीच गाडी सावकाश फिरत होती. इंजिनिअर म्हणाला, "हे बघा, उजवं मडगार्ड डाव्यापेक्षा जरा आत आहे. कोरताना राहिलं असेल. मी दोन्ही सारखी करून टाकतो."

"हात नको लावू गा!" काका इतक्या मोठ्यानं म्हणाले की शेजारच्या मशीनवरचे लोक वळून पाहू लागले.

मग ते खुर्चीत बसले आणि सांगू लागले. ती गाडी भिवापूरकडच्या एका डॉक्टरांची. ते तिच्यातून गावोगाव फिरत. एकदा मिरचीची पोती भरलेली बैलगाडी मागे सरकली आणि मडगार्ड चेपलं. पुढच्या गावात बाळंतीण अडलेली होती, डॉक्टर तसेच पुढे गेले. नंतर त्यांनी स्वतःच हातोडीने ते आतून ठोकून काढलं, पण जरासं आतच राहिलं. "मी मोजली तवा ते तसंच होतं. मी तसंच कोरलं."

"म्हणजे ही चूक नाही?" नेहाने विचारलं.

"ही डॉक्टरची गाडी आहे. दोन्ही बाजू सारख्या केल्या का मंग ती कोणाचीच नाही राहात."

नेहा इंजिनिअरला म्हणाली, "राहू दे तसंच." आणि काकांकडे वळून, "बाकीच्या गाड्यांमध्ये असं काय काय आहे, काका?" त्या दिवशी जेवणाची सुट्टी होऊन गेली तरी काका बोलत होते आणि नेहा स्वतः लिहून घेत होती. मी अठरा वर्षं त्या गाड्यांची चित्रं काढली होती. यातलं निम्मंही मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

शेवटी दोन्ही खोकी निघाली: एकोणीस तुकड्यांचं आणि जुनं, गोंदाचं. प्रत्येकात गाडी कुणाची होती हे सांगणारा कागद. काका पुरते राजी झाले असं नाही, पण दर गुरुवारी कारखान्यात जाऊ लागले. "एकोणीसवाला सुरुवात करन, मंग त्रेचाळीसले येईन," असं म्हणत. "नाही आला तरी हात तं लावला त्यानं."

गेल्या हिवाळ्यात ते गेले. दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. अंत्यविधीच्या वंदनेला काटोलचे व्यापारी आले होते, नेहा आली होती, आणि आम्ही कुणीच ओळखत नव्हतो अशी बरीच माणसं. आपण कुठली गाडी जोडली तेवढं सांगून ती जात होती.

पंधरा दिवसांनी शकुंतलाबाईंचा फोन आला. "माधवी, मले एक डबा आणून दे वं. तो नवा, सोपा."

इतकी वर्षं खोकी भरूनही त्यांनी स्वतः एकही गाडी जोडली नव्हती, हे मला त्या दिवशी कळलं. मी डॉक्टरांच्या गाडीचं खोकं नेलं. चष्मा नाकावर घेऊन त्या अंगणात उन्हात बसल्या. मी मदतीला हात पुढे केला, तर त्यांनी तो बाजूला सारला. "तू फक्त कागद वाच." मी वाचत गेले, त्या बसवत गेल्या. एक दार उलटं बसलं, ते काढून पुन्हा लावलं. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं तेव्हा गाडी पुरी झाली होती.

त्यांनी ती तळहातावर घेतली. उजव्या मडगार्डवरून अंगठा फिरवला.

"बाप्पा! मले वाटे, हा माणूस दिवसभर त्या शेडीत करते तरी काय," त्या म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसले. मग गाडी खिडकीत ठेवली, जरा मागे सरकून पाहिली आणि मला विचारलं,

"दुसरी कोणती आहे वं त्या पोरीकडे?"