उन्हानं गाळलेलं पाणी

माझ्या सासूबाई कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीच्या. घरात आम्ही सगळे त्यांना आत्याबाई म्हणायचो. त्या एका दिवाळीला माहेरी गेल्या आणि परत येताना ओल्या फडक्यात गुंडाळलेलं अनंताचं रोप मांडीवर ठेवून गाडीतून सोलापूरला आल्या. माहेरच्या परसात विहिरीपाशी अनंताचं मोठं झाड होतं, त्याच्याच फांदीपासून हे रोप केलेलं. त्यांची आई त्याच वर्षी गेली होती. ते झाड आईनं लावलेलं होतं, म्हणून ह्या रोपात त्यांचा जीव अडकला होता.

सोलापुरात आमच्या गल्लीत दुष्काळात बोअर मारलेली होती. नळाचं पाणी यायचं ते पिण्यापुरतं भरून ठेवायचं, बाकी सगळं बोअरच्या हातपंपावर. ते पाणी असं जड की साबणाला फेस यायचा नाही आणि डाळ शिजता शिजायची नाही. झाडांनाही तेच घालायचो. तुळस, सदाफुली तग धरून होत्या. अनंत मात्र संक्रांतीपर्यंत पिवळा पडला. शिरा तेवढ्या हिरव्या, मधलं पान हळदीसारखं. कुंडीच्या काठावर पांढरा थर धरला होता.

आत्याबाईंनी दोनदा माती बदलली. एकदा कुंडी बदलली. मग एका सकाळी मी कॉलेजला निघाले असताना त्या मला म्हणाल्या, "तू रसायनं शिकवतीस की. मग ह्याला काय झालंय ते सांग बघू."

मी तेव्हा एका कॉलेजात रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते. मुलांना जड पाण्याचे प्रयोग वर्षानुवर्षं करून दाखवत होते, आणि आपल्याच अंगणातल्या झाडाला काय होतंय ते मला सासूनं विचारेपर्यंत सुचलं नव्हतं. मला थोडी लाज वाटली.

त्या रविवारी मी दोन पातेल्यांत पाणी आटवलं. एकात नळाचं, एकात बोअरचं. बोअरच्या पातेल्याच्या बुडाशी खरवडून काढावा लागेल असा पांढरा खार उरला. आत्याबाईंनी तो नखानं उकरला, जिभेला लावला आणि थुंकला.

"हे रोज त्याच्या मुळाशी घालतोय आपण?"

"होय."

त्यांनी कुंडीजवळची बोअरच्या पाण्याची बादली उचलून लांब ठेवली.

प्रयोगशाळेत ऊर्ध्वपातित पाणी, म्हणजे वाफेचं पुन्हा पाणी केलेलं, बरण्या भरभरून असायचं. पण कॉलेजचं पाणी घरच्या कुंडीसाठी आणणं मला पटेना. घरी स्टोव्हवर वाफ करावी तर रॉकेल रेशनचं. तेवढ्यात लक्षात आलं, की सोलापुरात एका गोष्टीला तोटा नाही, ती म्हणजे ऊन. पाण्याची वाफ करायला तेवढं पुरे होतं.

मी कागदावर आकृती काढली. उथळ पत्र्याची पेटी, आतून काळी, वर तिरपी काच. खाली पाणी तापेल, वाफ काचेला धरेल, थेंब उतारावरून पन्हळीत घसरतील आणि नळीतून बाटलीत पडतील. बादल्या करणाऱ्या कारागिराला आकृती दाखवली, तेव्हा त्यानं विचारलं, "बाई, ह्यात शिजवायचं काय?"

"पाणी."

त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मापं घेतली.

माझे यजमान बँकेतून आल्यावर पेटी गच्चीवर चढवायला मदत करत होते, पण त्यांचा विश्वास नव्हता. पहिल्या दिवशी बाटलीत चमचाभर पाणी जमलं. फटींतून वाफ निसटत होती. खिडकीच्या काचा बसवायला लावतात ती लांबी भरून फटी बुजवल्या. दुसऱ्या दिवशी काच थेंबांनी भरून गेली, पण थेंब पन्हळीपर्यंत न जाता पुन्हा खालच्याच पाण्यात टपकत होते. आत्याबाई गच्चीवर पापड घालायला आल्या होत्या. त्यांनी काचेखालून वाकून पाहिलं.

"उतार कमी हाय की गं. पत्र्याचं छप्पर एवढं सपाट घातलं तर घर गळतंच."

आम्ही काचेच्या एका कडेखाली लाकडाची पट्टी सारली आणि फटी पुन्हा बुजवल्या. थेंब सरळ धावायला लागले. पेटीच्या काळ्या रंगाचा वास जाईपर्यंत आठवडाभरचं पाणी फेकून दिलं, आणि मग रोज संध्याकाळी दोन बाटल्या काचेसारखं स्वच्छ पाणी मिळू लागलं. अनंताला ताजी माती घातली आणि त्याला दुसरं पाणी द्यायचं नाही असं ठरवलं.

तीन आठवडे गेले. पानं गळायची थांबली. पण नवा फुटवा आला तो फिक्काच. मी हिरमुसले. पुस्तकाप्रमाणे सगळं बरोबर केलं होतं.

आत्याबाईंनी बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन प्यायलं. "ह्याला चवच न्हाय. तू ह्यातलं वाईट काढलंस, तसं चांगलंबी काढलंस. हे उपाशी पाणी हाय. नुसत्या ह्याच्यावर झाड कसं जगंल?"

त्या बरोबर बोलत होत्या, आणि ते मला माहीत असायला हवं होतं. त्या पाण्यात झाडाला लागणारं काहीच उरलेलं नव्हतं. त्याच दिवशी आत्याबाईंनी गवळ्याकडून जुनं, कुजलेलं शेणखत आणलं. धुतलेली चहापत्ती मातीत मिसळायचं माझ्या डोक्यात आलं, कारण अनंताला माती जरा आंबट लागते. पाणी माझं, जेवण त्यांचं, अशी वाटणी झाली.

एप्रिलमध्ये, सोलापूर भाजून निघत असताना, अनंतानं नवी पानं काढली. गडद, चकचकीत, तेल लावल्यासारखी. आत्याबाई रोज सकाळी ओल्या फडक्यानं ती पुसायच्या. मे महिन्यात कळ्या आल्या, पिळलेल्या हिरव्या दोऱ्यासारख्या. आणि एका सकाळी मी चहा ठेवत असताना अंगणातून हाक आली, "नोडु, इकडं ये. नोडु." आनंदात त्यांची कन्नड आपोआप यायची. बघ, म्हणत होत्या.

एक फूल पूर्ण उमललं होतं. शुभ्र. त्याचा वास फाटकापर्यंत पोचला होता. आत्याबाई कुंडीशेजारी जमिनीवर बसल्या होत्या, डोळे पुसत होत्या आणि हसत होत्या. पहिलं फूल त्यांनी देवाला न ठेवता माझ्या केसात खोवलं.

पावसाळ्यानंतर आमच्या विभागप्रमुखांनी ह्या पेटीबद्दल ऐकलं आणि ते शेवटच्या वर्षाचा वर्ग घेऊन आमच्या गच्चीवर आले. मी समजावून सांगायला सुरुवात केली, पण आत्याबाईंनी मला हातानं थांबवलं.

"बोअरचं पाणी हितं घालायचं. ऊन त्याला वर नेतं, खार खाली राहतो. काच तिरपी पायजे, न्हायतर थेंब माघारी पडतो. आणि नुसतं पाणी घालून भागत न्हाय, झाडाला खायलाबी लागतं."

सर वहीत लिहून घेत होते. पोरं आत्याबाईंना प्रश्न विचारत होती आणि त्या एकेकाला उत्तर देत होत्या, पदर कमरेला खोचून. मी मागे उभी राहून ऐकत होते.

पुढच्या उन्हाळ्यात गल्लीतल्या तीन घरांच्या गच्चीवर तशाच पेट्या दिसू लागल्या. तो कारागीर नवी पेटी करायला घेण्याआधी आमच्या दारात यायचा आणि काच किती तिरपी ठेवायची ते आत्याबाईंना विचारून जायचा.