बोटीत बसून लेक परत आणली

मला माझ्या धाकट्या बहिणीचा हेवा वाटायचा. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी काय काय केलं ते वाचताना कुणी मला समजून घ्यायच्या भानगडीत पडायला नको. आणि हेवा थोडाथोडका नाही. तिचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखायचं, आणि ते नाव आमच्या घरात दिवसातून दहा वेळा निघायचं, कारण माझ्या लेकीला दुसरा विषयच नव्हता.

बहीण मुंबईला, तिचा नवरा गोदीत क्रेनवर. त्यांना मूलबाळ नव्हतं. मी आटगावहून तानशाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या गावात, अंगणवाडीत कामाला, घरची भातशेती. बहिणीच्या मोरीतल्या नळाला सकाळी जे पाणी यायचं ते आमच्या तानशाच्या धरणाचं, आणि तानशाच्या उशाला राहून मी मे महिन्यात डोक्यावर दोन हंडे घेऊन विहिरीचा चढ चढायचे. बरं, पाणी सरकारनं नेलं, त्यात तिचा काय दोष. लेक मात्र मी माझ्या हातानं तिला दिली होती.

झालं असं की दुसऱ्या वेळेला मुलगा झाला आणि मी अंथरुणाला खिळले. लेक तेव्हा तीन वर्षांची. बहीण आली आणि तिला महिन्याभरासाठी म्हणून घेऊन गेली. पोर परत आली ती दीड वर्षानं. दोन वेण्या, त्यांना लाल रिबिनी, पायात बूट, आणि मला बघून मावशीच्या मागे लपली. बहीण परत गेल्यावर पोर चार दिवस धड जेवली नाही. पाचव्या दिवशी मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग आम्ही दोघी रडलो.

पुढे दर सुट्टीत ती मावशीकडे जायची. मी कुरकुरायचे, पण पाठवायचे. उन्हाळ्यात घरात एक तोंड कमी असलं की बरं पडायचं, हेही खोटं कशाला बोलू. येताना ती काहीतरी नवीन घेऊन यायची. कधी फ्रॉक, कधी रंगपेटी, कधी एखादा शब्द. आमच्याकडे सगळी पोरं आईला आये म्हणतात. एका सुट्टीनंतर मी आई झाले. शेजारणी म्हणाल्या, किती गोड बोलते हो. मला ते गोड लागलं नाही.

दहावीची परीक्षा झाली त्या वर्षी मे संपत आला तरी पोर आली नाही, बहिणीचं पत्र मात्र आलं. निकाल चांगला लागणार, पोर हुशार आहे, तिला आता इथेच कॉलेजात घालू, आम्ही दोघं सगळं बघू. माझा नवरा पत्र वाचून म्हणाला, चांगलंच आहे की. मला त्या 'आम्ही दोघं'चा असा संताप आला की पत्र चुलीत घातलं. रोपांच्या वाफ्यात पालापाचोळा जाळून राब भाजून झाले होते, पेरणी तोंडावर होती, तरी शनिवारी सगळं टाकून मी मुंबईची गाडी धरली. पोरीला घेऊनच यायचं, मग बहिणीशी कायमचं वाकडं झालं तरी बेहत्तर, असं ठरवून गेले.

बहीण हुशार. तिनं तो विषयच काढला नाही. आमरस केला, माझ्या डोक्याला तेल लावलं आणि म्हणाली, "ताई, तू कधी समुद्रात गेली नाहीस. उद्या रविवार आहे, आपण बंदराची फेरी मारू. बोलायचं ते मग बोलू." लेक लगेच टाळ्या पिटायला लागली. ती म्हणे आधी दोनदा जाऊन आली होती. मला कधी एका शब्दानं बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी गेटवेच्या पायऱ्यांवरून आम्ही चौघं लाँचमध्ये चढलो. फळ्यांची बाकं, वर ताडपत्री, इंजिनाची धडधड बुडाखालून थेट दाढांपर्यंत. बाकी मंडळी हौशी होती, कुणी नागपूरकडचं, कुणी गुजराती, गळ्यात कॅमेरे. लाँच हलली तशी मी कठडा घट्ट धरला. लेक मात्र उभीच्या उभी, कशाला न धरता, केस वाऱ्यावर.

बंदर बघण्यासारखं होतं, नाही कशाला म्हणू. एका बाजूला नौदलाच्या करड्या बोटी, तिकडे फोटो काढायचा नाही म्हणून खलाशी ओरडत होता. पुढे गोदीच्या क्रेना, त्यातली आपली कुठली ते बहिणीच्या नवऱ्यानं बोटानं दाखवलं, आणि भर पाण्यात नांगर टाकून उभी असलेली मालाची जहाजं, आमच्या अख्ख्या गावाएवढी एकेक. त्यांच्या मधून छोट्या बोटी लगबगीनं जात होत्या. सगळं कामात होतं. रविवार असूनही कुणाला उसंत नव्हती, एवढं मला आवडलं.

पण ते मला सांगत कोण होतं? माझी लेक. ती टग, ती मोठ्या जहाजाला ओढत नेते. तो बार्ज, सपाट, माल वाहायचा. ते जहाज रिकामं आहे, बघ, खालचा लाल रंग किती वर आलाय. भरलेलं असलं की तो पाण्याखाली जातो. हे सगळं तिला काकांनी शिकवलेलं. ती मला असं समजावत होती, जसं मी अंगणवाडीत पोरांना क कमळातला शिकवते. आणि प्रत्येक वाक्यानंतर बहिणीकडे बघायची, बरोबर ना, म्हणून. बहीण मान हलवायची. माझ्याकडे बघून कुणी काही विचारलं नाही. मी जळत होते, आणि वर हसत होते.

तेवढ्यात आम्ही एका काळ्या जहाजाच्या जवळून गेलो आणि माझी नजर त्याच्या कुशीवर गेली. पाण्याच्या बरंच वर एक भोक, आणि त्यातून पाण्याचा हा मोठा लोट बाहेर पडत होता. आता आमच्याकडची रीत सांगते. आवणी, म्हणजे भाताच्या रोपांची लावणी, झाली की खेकडे बांधाला भोकं पाडतात, आणि शेतातलं पाणी बघता बघता निघून जातं. ते ज्याला दिसेल त्यानं जागच्या जागी हाक घालायची. शेत कुणाचं ते बघायचं नाही. ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याचं असलं तरी हाक घालायची, भांडण नंतर. हे लहानपणापासून इतकं अंगात मुरलेलं की त्यात विचार नसतोच. मी ताडकन उभी राहिले, तोंडाला हात लावले आणि भर बंदरात हाक घातली, "ओ, पानी चाललंय! पानी चाललंय ओ!"

वर जहाजाच्या कठड्याशी एक परदेशी माणूस उभा होता. त्याला वाटलं मी त्याला रामराम करतेय. त्यानं हात हलवला. मी आणखी जोरात ओरडले आणि भोकाकडे बोट दाखवलं. लाँचमधली माणसं एकमेकांना सांगून हसायला लागली. एकानं माझा फोटो काढला. बहिणीच्या नवऱ्यानं हळूच सांगितलं की ते इंजिन गार करायचं पाणी आहे, समुद्रातूनच घेतात आणि समुद्रातच सोडतात, जहाजाला काही झालेलं नाही. बिचारा हसला नाही. पण माझी लेक हसली. आधी हसली, मग लोक आपल्याकडे बघतायत म्हटल्यावर तिचं तोंड लाल झालं.

"आई, बस ना खाली," ती म्हणाली. आणि माझ्या शेजारची उठून पलीकडच्या बाकावर मावशीला चिकटून बसली.

त्यानंतरचं बंदर मी पाहिलं नाही. मी त्या दोघींचे गुडघे बघत होते, एकमेकींना टेकलेले. बहिणीनं तिच्या कानात काहीतरी सांगितलं. नंतर कळलं की ती म्हणत होती, जा, आईजवळ जाऊन बस. पण मला तेव्हा वाटलं की माझ्यावरच बोलतायत, आणि मला ते वाटून घ्यायचंच होतं.

पायऱ्यांवर उतरलो. बहिणीनं मला हात दिला, तो मी घेतला नाही. मग तिनं तिथेच विचारलं, पोरीचं काय ठरवलंस, फॉर्म आणून ठेवलाय. मी म्हणाले, ठरलंय, ती आज माझ्याबरोबर येतेय, शहापुरात कॉलेज आहे. बहीण समजुतीनं म्हणाली, ताई, तिला सायन्सला जायचंय, नर्सिंग करायचंय, इथे सोपं पडेल. म्हणजे पोरीला काय व्हायचंय हेही मला तिच्याकडून कळत होतं. माझं डोकंच फिरलं.

"तुला देवानं दिलं नाय, म्हणून माझं उचलतेस काय गो?"

हे मी बोलले. माणसं येत-जात होती, कबुतरं उडत होती, आणि हे मी माझ्या पाठच्या बहिणीला बोलले. जिनं माझ्या पोरीला दीड वर्ष न्हाऊमाखू घातलं तिला.  तिनं पर्स उघडली, बंद केली, परत उघडली. तिचा नवरा पाण्याकडे तोंड करून उभा राहिला. मला वाटलं आता पोर माझ्यावर चिडणार. ती चिडली नाही. मावशीकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "चल आई. मी येते."

मी जिंकले. घरी जाऊन नवऱ्याला मोठ्या तोऱ्यात सांगितलंही, आणली बघा. पोर त्या साली आवणीला आमच्याबरोबर चिखलात उतरली, एका शब्दानं कुरकुरली नाही. शहापुरात आर्ट्सला गेली, बारावी झाली. काही मागायचीच नाही, आणि मला त्याचा राग यायचा. मावशीची पत्रं येत राहिली. गावाचं टपाल अंगणवाडीत पडायचं, त्यामुळे ती माझ्याच हातून जायची. मी एकही फोडलं नाही. फक्त दोन-तीन दिवस उशिरा द्यायचे. एवढा क्षुद्रपणा मी पाच-सहा वर्षं नेमानं केला. बहीण मात्र आमच्याकडे आली नाही. लेकीचं लग्न मुरबाडकडे करून दिलं तेव्हा आली, लांबच्या पाहुण्यासारखी अक्षता टाकून, आहेर हातात देऊन पहिल्या पंगतीला जेवून गेली.

पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून लेक सातव्यात माझ्याकडे आली. मी डिंकाचे लाडू केले, तिचे पाय चेपले, मनात म्हटलं, आता ही माझी. एका सकाळी कळा सुरू झाल्या. जीप करून शहापूरला दवाखान्यात नेलं. नर्सनं बजावलं, आत एकीनंच थांबायचं. मी थांबले, दुसरं कोण थांबणार. तिचा हात हातात घेऊन बसले. दुपार झाली, कळा वाढल्या. अशा वेळी बाई आईचं नाव घेते; म्हातारी झालेली, आई मेलेली बाईसुद्धा घेते. माझ्या लेकीनं माझा हात आवळला, डोळे मिटले आणि ओरडली, "मावशे गो, मावशे!"

मला वाटलं चुकून आलं तोंडात. दुसऱ्या कळेलाही तेच. तिसऱ्या कळेला मी बाहेर आले आणि समोरच्या फोनच्या बूथवर गेले. बहिणीचा नंबर गेटवेच्या त्या दिवसानंतर एकदाही फिरवला नव्हता, पण विसरले नव्हते. फोन तिनंच उचलला. मी म्हणाले, "तू ये गो. ती तुला हाका मारते, मला नाय."

उन्हं कलली तेव्हा ती आली, घामाघूम, पायात घरातल्याच चपला. निरोप मिळून मुरबाडहून आलेली, बाकावर बसलेली विहीण माझ्या कानाशी लागली, जिला पोर नाही तिला अशा वेळी आत कशाला पाठवता. मी तिला म्हटलं, लेक माझी आहे, मी बघते. दार ढकललं आणि बहिणीला आत सोडलं. आत एकीच. मी बाहेर बाकावर. दाराआडून तिचं हळू हळू बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. लेकीचं ओरडणं तेवढंच राहिलं, पण त्यातली भीती गेली, हे मला बाहेरही समजलं. सुटकेनं रडायला हवं होतं. मला मात्र पोटात तेच जुनं दुखणं सुरू झालं, लाज वाटत असतानासुद्धा.

दिवेलागणीला बाळ रडल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळानं बहीण बाहेर आली. डोळे सुजलेले, पदर भिजलेला. माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मुलगी झाली, ताई. तू जा आत. ती तुला बोलावतेय, सारखी आई आई करतेय."

मी चप्पल काढायची विसरले, तशीच धावले. बाळाला पुसून फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवलं होतं. लेक भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी वाकून म्हटलं, आले गो मी. ती हलली नाही. मी नर्सला विचारलं, ही मला कधीपासून हाक मारत होती?

नर्स म्हणाली, "हाक कुठली, आजी? ती केव्हाची गाढ झोपलीय."