पाठीवरची खुंटी

श्रीहरी वडनेऱ्यांच्या हातचं धनुष्य मोडत नाही, ही गोष्ट इंदुरात फार लोकांना ठाऊक नव्हती, कारण मुळात धनुष्याशीच कुणाला फारसं देणंघेणं नव्हतं. ज्या दहावीस जणांना होतं, त्यांना मात्र ती श्रीहरींनी इतक्यांदा ऐकवली होती की नवा माणूस आला की जुने लोक हळूच चहाला निघून जात. वडनेऱ्यांचे पूर्वज होळकरांच्या फौजेबरोबर आले, तोफांचे गाडे दुरुस्त करायला. तोफ काही घरात आली नाही. ताठा तेवढा आला आणि तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

पोट भरायचं ते दारं-खिडक्यांवर. जीव मात्र धनुष्यात, म्हणजे धामणीच्या लाकडात. धामणीची फळी लवचिक, पण तिच्यात गाठी असायच्याच, आणि गाठ दुरुस्त करण्यात श्रीहरींचा हात धरणारं कुणी नव्हतं. मेलेली गाठ ते गिरमिटाने कोरून काढत. त्याच फळीच्या तुकड्याची निमुळती खुंटी घडवत, लाकडाची रेघ रेघेला जुळवून सरस लावून ठोकत, आणि वाळली की रंधा मारत. मग फळी समोरच्याच्या हातात देऊन म्हणत, "खुंटी शोधून दाखव भिया." ती कुणालाच सापडत नसे.

मात्र हे सगळं धनुष्याच्या पोटाला, म्हणजे तीर मारणाऱ्याकडे येते त्या बाजूला. दोरी ओढली की पोट दाबलं जातं आणि खुंटी उलट घट्ट बसते. पाठ ताणली जाते. तिथे भोक पाडलं की खेळ खलास. पाठीला गाठ निघाली तर श्रीहरी ती फळी सरळ चुलीत घालत. नात पलक हे सगळं वयाच्या आठव्या वर्षी पाढ्यासारखं म्हणून दाखवायची.

पलक आता सतरा वर्षांची होती आणि आजोबांच्या धनुष्यावर तीर मारत मोठी झाली होती. तिच्या बापाला, देवेंद्रला, हे कौतुक मान्य नव्हतं. "यंदा टीममध्ये सिलेक्शन झालं तर ठीक, नाही तर तीर-कमान बंद. सीधं भंवरकुआं, कोचिंग," असं त्याने जेवताना सांगून टाकलं होतं, आणि देवेंद्र एकदा बोलला की बोलला. पलकने मान डोलावली. श्रीहरींनी त्याच आठवड्यात तिच्यासाठी नवी फळी काढली.

त्यांना मोतीबिंदू झाला होता. ऑपरेशन करायचं तर महिनाभर रंध्याला हात लावता येणार नाही, म्हणून टाळाटाळ चालली होती. पेन्सिलीची खूण दिसेना, तेव्हा त्यांनी युक्ती काढली. फळीची जी बाजू पोट करायची, तिला कुंकवाचं बोट लावायचं. एका गाठीला खुंटी बसवली, त्या बाजूला कुंकू लावलं आणि फळी वाळायला ठेवून दिली. दसऱ्यानंतर पुढचं काम हाती घेतलं, आणि धनुष्य असं उतरलं की त्यांनी स्वतःच दोनदा त्याच्यावरून गाल फिरवला.

निवड डिसेंबरात होती, हातोदच्या रस्त्यावरच्या मैदानात. श्रीहरी सोबत आले होते आणि पलक सकाळपासून सुरेख मारत होती. शेवटचे सहा तीर राहिले आणि ती तिसऱ्या नंबरावर होती. चौघी घ्यायच्या होत्या. पहिला तीर पूर्ण ओढला आणि धनुष्य कडाडून मोडलं. एक तुकडा लांब उडाला, दुसरा तिच्या मुठीत राहिला. गालावर ओरखडा उठला.

पंच निशिगंधा मॅडम धावत आल्या. गाल पाहिला, आणि मग श्रीहरींकडे वळल्या.

"मिस्त्रीजी, धनुष्यात डिफेक्ट होता का? तसं असेल तर बाकीचे तीर हिला दुसऱ्या धनुष्यावर मारता येतील, रूल आहे. हिने हद्दीबाहेर खेचलं असेल, तर मग मी काही नाही करू शकत."

तुकडे चार पावलांवर होते. श्रीहरींनी वाकूनसुद्धा पाहिलं नाही.

"पचास साल झाले मॅडम. माझ्या हातचं लाकूड असं नाही तुटत. पोरीने जोशात जास्त खेचलं."

पलक त्यांच्याकडे बघत राहिली. मग हातातला तुकडा तिने जाकिटात गुंडाळला. "हो मॅडम. मीच जास्त खेचलं," म्हणाली. मॅडमनी तसं लिहून घेतलं. पलक सातवी आली. घरी येताना रिक्षात श्रीहरींनी तिला कितपत ओढावं यावर व्याख्यान दिलं, अगदी राजवाड्यापर्यंत.

देवेंद्र रागावला नाही. सोमवारी त्याने कोचिंगचा फॉर्म भरला आणि मंगळवारपासून पलक बॅग लावून जाऊ लागली.

शनिवारी श्रीहरींना खुंट्यांसाठी धामणीचा तुकडा हवा होता. कामाच्या खोलीच्या कोपऱ्यात पलकने ठेवलेलं जाकीट होतं. त्यांनी ते उलगडलं, मोडलेल्या टोकावर सवयीने अंगठा फिरवला, आणि अंगठा एका गोल खळग्यात गेला. खुंटी तळहातावर आली. कुठे चरा नाही, कुठे टवका नाही, जशी घडवली होती तशीच. त्यांनी तुकडा खिडकीपाशी नेला, उलटा केला, सुलटा केला. खळगा पाठीला होता.

ते तिथेच लाकडाच्या भुशात बसले. दसऱ्याची पूजा त्यांना आठवली. करवत, रंधा, गिरमिट, फळ्या, सगळं त्यांनीच ओल्या फडक्याने पुसलं होतं, पहिलं कुंकू पुसलं गेलं होतं, आणि पूजेत ज्या फळीची जी बाजू वर होती तिला त्यांनी स्वतःच्या बोटाने नवं कुंकू लावलं होतं. तेच कुंकू बघून त्यांनी पुढे पोट घडवलं. डोळ्यांना खुंटी दिसली नाही, अंगठ्याला लागली नाही, कारण ती कुणालाच सापडू नये अशीच बसवली होती. एवढ्यावर निभावलं असतं. हात चुकतो माणसाचा. पण मैदानात चार पावलं चालून वाकायचं होतं, तेवढं त्यांच्याने झालं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःची किळस आली.

त्यांनी मॅडमना फोन लावला. खोट माझी होती, पोरीची नव्हती, एवढं सांगताना तीनदा अडखळले.

"लिस्ट तर बुधवारीच भोपाळला गेली मिस्त्रीजी," मॅडम म्हणाल्या. "तेव्हा मी तुम्हालाच विचारलं होतं ना."

संध्याकाळी पलक आली तेव्हा ते दारातच उभे होते. खुंटी पुढे करून म्हणाले, "खुंटी पाठीला होती. माझीच चूक. तू बिलकुल जास्त नव्हतं खेचलं."

"माहीत आहे आबा," पलक म्हणाली. "मला तर तिथेच दिसली होती. माझ्याच हातातल्या तुकड्यात होती ना."

"मग बोलली का नाहीस बेटा?"

"तुम्ही सगळ्यांसमोर सांगून चुकला होतात."

ती आत गेली. थोड्या वेळाने आतून तिचा आवाज आला, उद्याच्या टेस्टचं पाठ करत होती. श्रीहरी दारात उभेच होते.