एकात एक दोन खुर्च्या

शेजारच्या घरी बारसं होतं. मी आत शिरले, तर त्यांची धाकटी सून लगबगीने माझ्यासाठी प्लास्टिकच्या दोन खुर्च्या एकात एक घालून मांडायला लागली. जाड माणसाखाली एकटी खुर्ची फाकते, म्हणून ही काळजी. कुठल्याही कार्यात माझी जागा अशीच ओळखू येते.

पण हल्ली माझं वजन बरंच उतरलंय. ब्लाउज सैल पडलेत. तरी डोळे मिटून बारीक झालेली मी बघायला जावं, तर भलतीच कुणी बाई दिसते. चेहरा माझा, अंग उसनं. काट्यावरचा आकडा खाली येतो, पण मनातलं शरीर तसंच ऐसपैस बसून असतं.

"एकच पुरे गं," मी जरा तोऱ्यातच म्हटलं.

"नक्की ना, काकू?" तिने वरची खुर्ची काढून घेतली.

मी बसले. पाळणा म्हणून झाला, बाळाचं नाव ठेवलं, हातात घुगऱ्या आल्या, तेव्हा कळलं की माझ्या मांड्या थरथरताहेत. खुर्चीला मी नुसती टेकले होते. सगळा भार इतका वेळ पायांवरच तोलून धरला होता.