आठ तासांत एक वीट पडली न्हाई

पंकजा माझी सख्खी धाकटी बहीन. सोनईत पंकजा चार-पाच हायेत, पन काँप्युटरवाली म्हनलं की आमचीच.

मी सहादेव. नववीपत्तोर शिकलो. घोडेगाव रोडला माझं वेल्डिंगचं दुकान हाय, ऊसाच्या ट्रॉल्या करतो. माझ्यासारखा जोड तालुक्यात कुनाला जमत न्हाई, विचारा कुनालाबी. घरातली हुशारी दोघांत वाटली तवा मोठा वाटा पंकीनं घेतला. मी घेऊ दिला.

ती पुन्याला एका कंपनीत गेम बनवायची. नुसत्या गोळ्या घालायचा न्हाई, डोकं लावायचा. त्यात चार राजे, चौघांचे चार किल्ले आन मधी एकच नदी. नदीला एक दार. दार ज्याच्या ताब्यात, पानी त्याला. बाकीच्यांनी फौज जमवायची, डाव टाकायचा आन दार जिंकायचं. ही नदी तिला सुचली आमच्या कालव्याच्या चारीवर. ल्हान असताना मी पान्याची दारं धरायला जाताना तिला संगं न्यायचो. म्हंजे निम्मा गेम माझा हाय, पन मी कुठं नाव मागत न्हाई.

पाच वर्सं चाललं ते काम. सुरवातीला चाळीस मानसं हुती. मंग नवा सायब आला, म्हनला मोबाईलवर चालला पायजे. सगळं मोडून बारीक केलं. दुसरा आला, म्हनला नदी नको, वाळवंट करा. वाळवंट केलं. तिसऱ्यानं इचारलं, "नदी कुठं गेली?" नदी परत आनली.

मी म्हनलं, "पंके, माझं ट्रॉलीचं गिऱ्हाईक असं वागलं असतं तर मी हातोडा दाखिवला असता."

"दादा, माझ्या हातात माऊस असतो."

शेवटी मानसं उरली नऊ. यंदा जानेवारीत कंपनीनं सांगितलं, आता एकच परीक्षा. कधी गेम न खेळलेल्या मानसांनी एक दिवस खेळायचं, पुन्यातनं सुहास सायब बघनार. रंगले तर गेम बाजारात, न्हाईतर बंद.

पंकी गावाकडं आली. "दादा, चार माणसं दे. भांडखोर पाहिजेत."

भांडखोरांना काय तोटा? भागवत आन पुंजाराम, दोघांचा बांधावरनं अकरा वर्सं दावा चालूय. गोरक्षनाथ डेअरीवाला, दुधाच्या फॅटवरनं रोज कुनाशीतरी लागलेलं असतं. आन आमची चुलती बनुबाई. तिच्यापुढं हे तिघंबी खालच्या आवाजात बोलत्यात.

रविवारी दुकानात चार लॅपटॉप मांडले. टेबल मीच जोडलेलं. बनिवनाऱ्यानं समोर थांबायचं न्हाई असा नियम हुता, म्हनून पंकीनं बटनं समजावली आन ती घरी गेली. मंग मी उभा ऱ्हायलो.

"नीट ऐका. ही माझ्या बहिनीची पाच वर्सांची मेहनत हाय. एकेक वीट तिनं हातानं बसवलीय. कुनाच्या किल्ल्याचा टवका जरी उडाला, तर गाठ माझ्याशी हाय."

पुंजाराम म्हनला, "आरं पन लढाईचा गेम हाय ना?"

"असू दे लढाईचा. तू काय लुटारू हायेस का?"

बनुचुलतीनं इचारलं, "मंग पान्याचं कसं करायचं रं?"

"चारीवर करता तसं."

झालं. चुलतीनं पाळ्या लावल्या. पानी आधी टेलच्या, म्हंजे पार शेवटच्या राजाला, मंग वर वर. टेलला भागवतचा किल्ला हुता. गोरक्षनाथच्या फौजेला काम न्हाई, म्हनून त्यानं ती चारी खनायला लावली. आन अकरा वर्सं एकमेकांकडं न बघनारे भागवत आन पुंजाराम बोलाया लागले.

"पुंजाराम, माझं भिजलं, घे तुझ्याकडं."

"घेतो. आधी दार नीट लाव, गळतंय."

"तुझ्या बापानं कधी लावलं का नीट?"

"न्हाई. म्हनून तर तुला सांगतोय."

आठ तासांत एक वीट पडली न्हाई. मी सोताला शाबासकी दिली.

संध्याकाळी सुहास सायबाचा मेल आला. पंकीनं दुकानात परत येऊन वाचला. आठ तास, लढाया शून्य. खेळनाऱ्याला लढावंसंच वाटत न्हाई. काम बंद करन्यात येतंय, उद्या दुपारी बाराला गेम कायमचा बंद व्हईल.

"दादा, तू ह्यांना काय सांगितलंस?"

मी खोटं बोलत न्हाई. सगळं सांगितलं.

ती ट्रॉलीच्या चाकावर बसली. "किल्ल्याला हात लावू नका म्हणालास?"

"व्हय."

"ते किल्ले पडण्यासाठीच बनवले होते रे. दीड वर्ष नुसतं पडण्यावर गेलं माझं. आधी भिंत वाकते, मग बुरूज बसतो, मग धूळ. कुणीच नाही बघितलं ते."

मला काय म्हाईत? आमच्या धंद्यात पडलं म्हंजे जोड कच्चा.

ती रडली न्हाई. जेवताना दोन भाकरी खाल्ल्या, तवा मला जरा बरं वाटलं. आजबी कुनी इचारलं तर मी सांगतो, चूक कंपनीची. भागवत आन पुंजारामला आठ तास एका टेबलाला बसवनारी चीज आख्ख्या जिल्ह्यात दुसरी न्हाई. कोर्टाला जमलं न्हाई, माझ्या बहिनीला जमलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला शटर उघडलं तर चौघंबी दारात. भागवत टोपी घालून पुढं.

"सहादेव, मशीन लाव. आज पाळी माझी हाय."

"आरं, बंद झाला गेम."

"बाराला व्हनार ना? मंग बारापत्तोर पानी माझं."

मी पंकीला हाक मारली. तिनं येऊन लॅपटॉप लावले. मी म्हनलं, "भागवत, पानी नंतर. आधी एक किल्ला पाडायचा."

"कुनाचा?"

बनुचुलती म्हनली, "माझा पाडा. पन आधी आतली मानसं भायेर काढा."

पंकीनं मानसं भायेर काढली. पुंजारामनं तोफ लावली. आधी भिंत वाकली. मंग बुरूज सावकाश खाली बसला, जसा दमलेला मानूस बसतो तसा. मंग धूळ. मी पार वाकून बघितलं. जोड एकबी कच्चा नव्हता.

"परत लाव," मी म्हनलं.

पंकी हसली. बाराच्या आत आमी चारी किल्ले पाडले, आन मधल्या येळात भागवतची पाळीबी पुरी केली.