झिरो आठचा कॅरम

कॅरमच्या स्पर्धेत बाबांचं नावच नव्हतं. रविवारी सकाळी मी डिलाईल रोडला माहेरी गेले, तर बाबा स्ट्रायकर डब्यात टाकून गपचूप पेपर वाचत बसलेले. चाळ आता पाडायला घेणार, म्हणजे इथली ही शेवटची स्पर्धा. बाबा तर केव्हापासून रोज बोर्डाला पावडर मारून सराव करत होते.

"हात थरथरता माझो," ते म्हणाले. "पोरांनी बघून नाव काढल्यानी असतला. सोड गो."

माझं डोकंच सणकलं. तशीच खाली मंडळाच्या खोलीत गेले. सेक्रेटरी माझ्याच वर्गातला.

"काय रे, म्हाताऱ्या माणसाला वगळताना लाज नाही वाटली?"

"आईशप्पथ, मी नाही वगळलं! यंदा ड्रॉ कॉम्प्युटरने काढलाय."

पठ्ठ्याने हौसेने शेल स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या हुकमांची यादी, लिहिली होती. दाखव म्हटलं; माझं पोटच त्यावर चालतं.

प्रत्येक खेळाडूचा खोली नंबर, मग डॅश, मग नाव. स्क्रिप्ट डॅशपासून पुढचं सगळं छाटायची, उरलेल्या नंबराला चारने भागायची आणि बाकी येईल त्यावरून बोर्ड ठरवायची. डोकं चांगलं लढवलं होतं की! पण आमच्याकडे एक ते नऊ नंबरांच्या दारांवर आधी शून्य रंगवलेलं आहे. आमची खोली 08, आणि यानेही तसंच लिहिलेलं. आता ही स्क्रिप्ट वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, आमच्या बॅशबाईंचा, नखरा असा, की शून्याने सुरू होणारा आकडा त्या आठच्या हिशोबाने मोजतात. त्या हिशोबात सातच्या पुढे अंकच नाही. मग 08 आणि 09 बाद! बाईंनी एरर दिली होती हो, पण या शहाण्याने स्क्रीनवर कचरा नको म्हणून सगळ्या एरर परस्पर गायब करायची सोय केलेली.

"गाढवा!" म्हणत मी नंबराच्या आधी 10# टाकलं. म्हणजे बाई, सरळ दहाच्या हिशोबाने मोज. लगेच दोन्ही नावं आली. दुसरे शेजारच्या नऊ नंबरातले काका. त्यांनी तर 'यंदा मीच नाही खेळत' असं चाळभर सांगून टाकलेलं. बाकीच्या जोड्या आधीच लागल्या होत्या, म्हणून या दोघांची मॅच एकमेकांशीच ठेवली.

वर येऊन बाबांना सगळं सांगितलं. त्यांना बॅशशी काय देणंघेणं!

"म्हणजे पोरांनी नाय काढूक माझा नाव?"

"नाही हो बाबा. मशीनचा घोळ होता."

"नक्की मा?"

"नक्की."

बाबा उठले आणि इस्त्रीचा शर्ट शोधायला लागले.

मॅचमध्ये सपाटून हरले. हात थरथरत होताच. मी वर गॅलरीत उभी होते, आता यांची समजूत कशी काढायची याच काळजीत. तर जिना चढून आले ते आमच्या दारावरून तसेच पुढे गेले. तोंडभर हसत एकेका घरात डोकावून सांगत चालले. मला रडूच फुटलं.

"हरलंय गो वैनी! नऊ नंबरवाल्यान धुतल्यान माका!"