नोला टीग थेल्माशी का हरते

मेंढ्यांच्या माळावरच्या कुरंबा गावाच्या टेनिस क्लबात नोला टीगला हरवणं खायचं काम नव्हतं. पोस्टमास्तरची बायको, दवाखान्यातली नर्स, शाळेतल्या तरण्याताठ्या बाई, सगळ्यांना तिने पाणी पाजलं होतं. साठी ओलांडली तरी ती चेंडू अशा कोपऱ्यात टाकायची की समोरची बाई पळायचे कष्टसुद्धा घ्यायची नाही, नुसती वळून बघायची. पण थेल्मा मॅकॉलिफ समोर उभी राहिली की नोलाचं सगळं टेनिस कुठे गडप व्हायचं कोण जाणे. दर वर्षी सप्टेंबरात बायकांची फायनल व्हायची, त्याच दोघींत व्हायची आणि पत्र्याच्या शेडमधल्या लाकडी पाटीवर थेल्माचंच नाव चढायचं. शेवटी शेवटी तर रंगारीही कंटाळला. त्याने वरच्या नावाखाली 'तेच' म्हणून नुसत्या दोन टिंबांच्या खुणा काढायला सुरुवात केली.

आता एवढ्याशा गावात दुसऱ्याच्या हरण्यावर बोलायला सगळ्यांनाच वेळ असतो. खाटीक म्हणायचा, थेल्मा चेंडू कापून मारते, तो उसळतच नाही. पोस्टमास्तर म्हणायचा, हा सगळा थेल्माच्या जिभेचा प्रताप. सर्व्हिस करण्याआधी ती समोरचीच्या टोपीबद्दल काहीतरी टोचून बोलते. नोलाचा नवरा मर्व्ह याच्याकडे तर एकच निदान होतं.

"तू घाबरतेस तिला," तो म्हणायचा. "लग्नाआधीपासून घाबरतेस."

"मी तुझ्या आईला घाबरले नाही, थेल्माला काय घाबरणार!" नोला म्हणायची, आणि विषय तिथे संपायचा.

स्वतः नोला सांगायची की थेल्मा माझ्याहून चांगली खेळते, झालं. पण हे काही खरं नव्हतं. एका वर्षी त्या नर्सने थेल्माला साध्या सामन्यात चांगलं लोळवलं आणि पुढच्याच शनिवारी नोलाने नर्सला लोळवलं. मग गावाने नाद सोडला. नोला थेल्माशी हरते, जसा उन्हाळ्यात माळ करपतो तशी, असं सगळ्यांनी धरून चालायला सुरुवात केली.

त्या वर्षी मात्र गोष्ट वेगळी होती. थेल्माचा नवरा जाऊन दोन हिवाळे झाले होते, आणि तिने शेत विकलं. मेंढ्यांची लोकर कातरून झाली की ती मुलीकडे जाणार होती, पार यपूनला, समुद्रकाठी. ही बातमी नोलाला कळली खाटकाच्या दुकानात. साठ वर्षांपासूनची शेजारीण, दोन शेतांमध्ये एकच कुंपण, कुंपणाला एकच फाटक, आणि बातमी सांगतो कोण, तर किलोभर सॉसेज बांधता बांधता खाटीक! नोला घरी आली आणि तिने सॉसेज टेबलावर आपटले.

नंतर थेल्माने स्वतः येऊन सगळं सांगितलं. मुलीचं घर कसं आहे, वारा कसा सुटतो, आंब्याचं झाड केवढं आहे, मागच्या जास्तीच्या खोलीत शिलाई मशीन कसं छान बसेल. एवढा पाल्हाळ लावला, पण 'ये कधीतरी' एवढं काही तिच्या तोंडून निघालं नाही. नोला वाट बघत बसली. चहा गार झाला, थेल्मा उठून गेली. नोलाला ते फार लागलं. कोणाला सांगायची सोय नव्हती, कारण सांगणार काय? मला तिने घरी बोलावलं नाही म्हणून या वयात रडायचं?

त्या रात्री जेवताना ती मर्व्हला म्हणाली, "मला या वेळी तिला हरवायचंय."

"दर वेळी हवंच असतं की."

"तसं नाही. ती गेली की संपलं. मग मी जन्मभर हरलेलीच राहणार. एकदा, मर्व्ह. फक्त एकदा."

मर्व्हने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि थट्टा करायची ती केली नाही. बटाटे तिच्याकडे सरकवले.

आमच्याकडे कोर्ट वारुळाच्या मातीचं असतं. माळावरची वारुळं फोडायची, माती कुटायची, पसरायची, पाणी मारायचं आणि रूळ फिरवायचा. फायनलच्या आदल्या दिवशी हे काम ज्या दोघी खेळणार त्यांनीच करायचं, ही क्लबाची जुनी रीत. म्हणजे कोर्ट खराब म्हणून उद्या कोणी बोंब मारायला नको. शुक्रवारी सकाळी नोला आणि थेल्मा लोखंडी रुळाच्या दांड्याला दोन बैलांसारख्या जुंपल्या होत्या. तारेच्या जाळीवर गुलाबी काकाकुवे ओळीने बसून कलकलाट करत होते.

अर्धं कोर्ट झाल्यावर थेल्मा मध्येच म्हणाली, "नोले, तू माझ्याशी का हरतेस, सांगू?"

"तुझ्या जिभेला हाड नाही म्हणून."

"तू बॉल माझ्याकडे मारतेस."

"मग काय तुझ्या मेंढ्यांकडे मारू?"

"चेष्टा नाही करत. दुसऱ्या बायकांशी खेळताना तू मोकळ्या जागेत मारतेस. माझ्याशी खेळताना माझ्या हातात आणून देतेस. माझ्या उजव्या हाताला, कमरेच्या उंचीवर. ताटात वाढल्यासारखा."

नोला थांबली, तसा रूळही थांबला. "काहीतरीच."

"एक बॉल होता, आठवतो?"

नोलाला आठवत नसेल कसा? त्या दोघी लहान होत्या, महायुद्धाची वर्षं होती. रबर सगळं फौजेला जायचं. टेनिसचा चेंडू डोळ्यांना दिसायचा नाही. नोलाच्या वडिलांनी लोकर कातरायच्या शेडमागे त्या दोघींसाठी एक वेडंवाकडं कोर्ट केलं होतं, आणि चेंडू होता एकच, टक्कल पडलेला. कोर्टाच्या चारी बाजूंनी कंबरभर काटेरी झुडपं, झुडपांत साप. चेंडू एकदा त्यात गेला की लढाई संपेपर्यंत खेळ बंद. म्हणून त्या दोघी एकमेकींना हरवायला खेळायच्याच नाहीत. समोरचीच्या हाताला लागेल असाच मारायचा, चुकायचं नाही. एकेक दुपार त्यांनी तसा खेळ चालवला होता. नंतर थेल्माला रॉकहॅम्प्टनच्या बोर्डिंग शाळेत घातलं. तिथे चेंडूंची टोपलीच्या टोपली. समोरची उभी नसेल तिथे चेंडू मारायचा, हे थेल्मा तिथे शिकली. नोलाची आई आजारी होती, ती घरीच राहिली. दुसऱ्यांशी खेळून खेळून पुढे तीही शिकली, पण फक्त दुसऱ्यांशी.

"तुझा हात अजून त्या शेडमागेच आहे बघ," थेल्मा म्हणाली.

नोलाने दांडा सोडून विचारलं, "तुला कधीपासून माहीत आहे हे?"

"शाळेतून पहिल्या सुट्टीला आले तेव्हापासून."

"आणि एवढी वर्षं बोलली नाहीस?"

"जिंकत होते मी! मी काय वेडी आहे?"

"सटवी आहेस तू, थेल्मा."

"आहेच."

"मग आजच का सांगितलंस?"

थेल्माने दांड्याला जोर लावला. "ओढ. माती वाळायला लागली."

रूळ झाल्यावर त्यांनी दोरी धरून पांढरी फक्की मारली. नोला वाकून रेषा आखत होती आणि मनातल्या मनात आपले सगळे जुने सामने पुन्हा खेळत होती. थेल्माचं बरोबर होतं. एकूण एक चेंडू तिला आठवत होता आणि एकूण एक थेल्माच्या उजव्या हाताला गेला होता.

शनिवारी झाडून सगळं गाव आलं. शेडमध्ये चहाचं मोठं भांडं खदखदत होतं, बायकांनी आपापल्या घरून स्कोन आणि केक आणले होते. पहिल्या सेटमध्ये नोलाचं पार हसं झालं. चेंडू कुठे मारू नये याचा विचार करता करता तिला तो मारताच येईना. थेल्माने तो सेट खिशात टाकला आणि बाजू बदलताना म्हणाली, "टोपी नवी दिसते. पडदे कापून शिवलीस?"

दुसऱ्या सेटला नोलाने एक युक्ती केली. थेल्माकडे बघायचंच नाही. बघायचं ते नुसत्या मोकळ्या मातीकडे. थेल्माचा लाल झालेला चेहरा, मनगटाने नाक पुसायची तिची सवय, यातलं काहीच बघायचं नाही. आणि चेंडू जायला लागला. डावीकडे, उजवीकडे, मागे. थेल्मा पळत होती, मोठमोठ्याने शिव्या घालत होती. जन्मात पहिल्यांदा नोला तिला पळवत होती. त्यात नोलाला मजा आली असेल असं तुम्हाला वाटेल, पण तिला मजा येत नव्हती. ओळखीच्या माणसाला रस्त्यात बघून न बघितल्यासारखं करावं, तसं तिला वाटत होतं. तरी तिने सेट घेतला.

तिसरा सेट शेवटच्या पॉइंटपर्यंत आला. हा घेतला की नोला जिंकली. मर्व्हने तोंडाशी नेलेलं सँडविच तसंच धरून ठेवलं होतं. चेंडू जाळीवरून इकडून तिकडे, तिकडून इकडे किती वेळ चालला होता. नोलाचा हात तिला ओढत होता, थेल्माकडे, कमरेच्या उंचीवर. तिने दात आवळले आणि चेंडू पार डावीकडच्या दूरच्या कोपऱ्यात हाणला.

तो रेषेपाशी पडला, रेषेवर की जरासा पलीकडे कोण जाणे. थेल्मा पोचली नाही.

आमच्याकडे पंच नसतो. ज्याच्या बाजूला चेंडू पडला त्याचा शब्द. थेल्माने लबाडी कधी केली नव्हती, पण औदार्यही कधी दाखवलं नव्हतं, केसभर बाहेर असला तरी ती "बाहेर!" असं ओरडायची की काकाकुवे उडायचे. आता ती खाली मातीकडे बघत उभी होती. शेडमध्ये कोणी कपसुद्धा खाली ठेवला नाही.

"आत!" थेल्मा म्हणाली.

आणि लगेच पुढे होऊन तिने बुटाने ती जागा घासली. माळावर चूल विझवावी तशी, दोन्ही पायांनी. मगच ती जाळीकडे आली.

लोक टाळ्या वाजवत होते, मर्व्ह तर शिट्ट्या मारत होता. नोलाने हात पुढे केला नाही.

"फक्की उडाली नाही," ती हळूच म्हणाली. "मी बघत होते. लाल धूळ उडाली नुसती."

"काल फक्की तू मारलीस. हात आखडता घेऊन मारली असशील."

"थेल्मा, आत होता का?"

"आत म्हणाले ना. माझ्या बाजूला माझा शब्द."

"मला भीक नको तुझी."

"भीक?" थेल्माने तिचा हात ओढून घेतला आणि जोरात हलवला. "मी तुला कधी काही दिलंय का?"

चहाला नोलाच्या गळ्यात सगळे पडले. पोस्टमास्तरच्या बायकोने तिच्यासाठी केकचा कडेचा तुकडा राखून ठेवला होता. ती तो नुसता बशीत फिरवत राहिली. ज्यासाठी जीव टाकला ते मिळालं की नाही हेच तिला कळत नव्हतं, आणि ते माहीत असलेली एकुलती एक बाई दोन आठवड्यांत निघून जाणार होती. बशी तशीच ठेवून ती शेडमागे गेली. थेल्मा पाण्याच्या टाकीच्या सावलीत बूट काढून बसली होती. तिचे घोटे सुजले होते.

"मी जाऊन सांगते," नोला म्हणाली. "पाटीवर माझं नाव लावू नका म्हणून सांगते. नाहीतर खरं काय ते बोल."

थेल्मा पायाची बोटं चोळत राहिली. मग म्हणाली, "यपूनला ये. तिथे सांगते."

"काय?"

"इथे नाही सांगणार. आलीस तर तिथे सांगेन. शिलाई मशीन दुसऱ्या खोलीत हलवता येतं."

राग कुठे ठेवावा हे नोलाला कळेना. "अगं, मग नुसतं 'ये' म्हणता येत नव्हतं तुला? त्या दिवशी तासभर बसली होतीस माझ्यासमोर!"

"आणि तू नाही म्हणाली असतीस तर?" थेल्माने वर पाहिलं. तिचे डोळे भरले होते, आणि त्याचीही तिला लाज वाटत होती. "तू कधी कुरंबा सोडलंयस? कधी मर्व्हची पाठ धरते, कधी मेंढ्यांना पाणी नसतं. तुझं दर वेळी काहीतरी निघतंच. नुसत्या बोलावण्याला तू आली नसतीस, नोले. आता येशील. तुला राहवणार नाही."

नोला तिच्या शेजारी मातीतच बसली. तिने थेल्माचा एक पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि घोटा चोळायला लागली.

घरी जाताना मर्व्ह गाडी चालवत होता आणि त्याच्या तोंडाचा पट्टा काही थांबत नव्हता. "जिंकलीस ग बाई एकदाची! काय तो शेवटचा फटका! सांग ना, कसं वाटतंय?"

"हरले मी," नोला म्हणाली.

"आँ? अगं, चांगला आत होता की."

नोलाने टेनिसच्या पांढऱ्या झग्यालाच नाक पुसलं. रडत होती की हसत होती, मर्व्हला काही समजेना.

"यपूनला जायला कुठल्या वारी गाडी असते रे?" तिने विचारलं.